हेखालला सभामंडप म्हणावं का?

प्रश्न असा आहे : यरुशलेमच्या प्राचीन यहुदी मंदिराच्या वर्णनात ‘उलाम’, ‘हेखाल’, ‘देवीर’ असे तीन भाग येतात. मराठीत त्यांना मुखमंडप, सभामंडप, गाभारा म्हटलं तर चालेल का?

उलाम म्हणजे दारापुढची ओसरी. तिला मुखमंडप खुशाल म्हणा. हेखाल म्हणजे मधलं दालन. त्याला सभामंडप म्हणायला मात्र माझा विरोध आहे, कारण तिथे सभा भरतच नसे. आत फक्त याजक, म्हणजे पुरोहित, जात. दिवे, धूपवेदी, भाकरींचं मेज एवढाच तिथला सरंजाम. होमबलीची वेदी बाहेर अंगणात होती आणि लोकही अंगणातच थांबत. कीर्तनाला बसायची जागा डोळ्यांसमोर आणलीत तर सगळा नकाशाच चुकेल.

‘हेखाल’ हा शब्द मुळात सुमेरी. ‘ए-गल’ म्हणजे मोठं घर. अक्कादी भाषेत त्याचं ‘एकल्लु’ झालं, अर्थ राजवाडा. हिब्रूत तोच शब्द राजवाड्यालाही लागतो आणि मंदिरालाही. आता आपलं ‘राऊळ’ पाहा : राजकुल म्हणजे राजवाडा, त्याचं झालं राऊळ आणि पुढे ते देवाचंही घर झालं. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसताना शब्दांनी अगदी एकच वाट धरली! म्हणून या दालनाला मी ‘राऊळ’ म्हणेन. एरवी आपण राऊळ अख्ख्या देवळाला म्हणतो, हे खरं. पण हिब्रूतही ‘हेखाल’ कधी एका दालनाला, तर कधी सबंध मंदिराला म्हणतात.

‘देवीर’मध्ये आपला ‘देव’ शोधू नका, तो निव्वळ योगायोग. जुने भाष्यकार हा शब्द ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूशी जोडत. आजचे बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ ‘मागची खोली’ असा लावतात. शलमोन राजाने बांधलेल्या पहिल्या मंदिरातलं हे सगळ्यात आतलं दालन वीस हात लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच उंच होतं. (हे ‘हात’ म्हणजे आपलेच, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचे.) ‘परमेश्वर दाट अंधारात राहतो’ असं शलमोन म्हणतो, तेव्हा मराठी माणसाला गाभाराच आठवणार. ‘गर्भागार’वरून आलेला हा शब्द आकाराला आणि अंधाराला चपखल बसतो. फक्त त्यासोबत मूर्ती आणि दर्शन आत आणू नका. पहिल्या मंदिरात इथे कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी) होता, पुढे बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात तोही नव्हता. वर्षातून एकदा, योम किप्पुरच्या (प्रायश्चित्ताच्या) दिवशी, फक्त महायाजक आत जाई. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी आत घुसला, तर त्याला मूर्ती दिसलीच नाही. मराठी बायबलात यासाठी ‘परमपवित्रस्थान’ आहे. धार्मिक लेखनात तेच वापरा, वास्तूचं वर्णन असेल तर ‘गाभारा’.

जाता जाता : सिनेगॉगला ‘यहुद्यांचं मंदिर’ म्हणून यात गोवू नका. ती प्रार्थनेची जागा, तिथे बळी नाहीत. आपल्या बेने इस्रायली मंडळींनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी, तर तिला मराठीत सरळ ‘मशीद’च म्हटलं.