धडा पाठ आहे, पण वाचन येते का?

“मॅडम, पुस्तकातला धडा तो घडाघडा वाचतो, पण त्यातलाच एखादा शब्द वहीत लिहून दिला की गप्प बसतो. हा आळस म्हणायचा की बुद्धीतच काही कमी आहे?” दुसरीतल्या एका मुलाच्या आईचा हा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक पालक विचारतात.

मुलाने माझ्यासमोर धडा न अडखळता म्हटला. मात्र मधल्या एका शब्दावर मी बोट ठेवताच तो धडा सुरुवातीपासून पुटपुटू लागला आणि त्या शब्दापाशी पोहोचल्यावरच त्याने उत्तर दिले. मग मी ‘लमट’, ‘पूका’ असे निरर्थक शब्द लिहिले, कारण ते पाठ असण्याचा किंवा चित्रावरून ओळखण्याचा प्रश्नच नसतो. त्यांतला एकही त्याला वाचता आला नाही. आईला मी स्पष्ट सांगितले की हा आळस नाही. पानेच्या पाने लक्षात ठेवण्याचे कष्ट हे मूल रोज उपसते आहे.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलेल्या विचारानुसार, लिपी उलगडणे (अक्षरांवरून शब्द वाचणे) आणि भाषा समजणे या दोन्हींच्या गुणाकारातून वाचनाचे आकलन घडते, म्हणजे एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग होत नाही. या मुलाला गोष्ट ऐकून उत्तम समजत होती. अडत होते ते लिपीपाशी.

दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी करून घ्यायला सांगून आम्ही क्रमबद्ध शिकवणी सुरू केली. आधी केवळ तोंडी खेळ: शब्दातला पहिला आवाज कोणता, शेवटचा कोणता, मधला काढला तर काय उरते. नंतर सगळी वर्णमाला एकदम न घेता क, म, ल, न, र, ब अशी मोजकी अक्षरे आणि त्यांपासून लगेच ‘नरम’, ‘कलम’ असे शब्द. घ आणि ध, भ आणि म या सारख्या दिसणाऱ्या जोड्या मुद्दाम दूर ठेवल्या. खरी अडचण अक्षरे जोडताना आली. ‘क-ल-म’ असे सुटे म्हणताना प्रत्येक अक्षरातला ‘अ’ पूर्ण उच्चारला जातो, बोलताना मात्र शेवटचा ‘अ’ गळतो. त्यामुळे सुटी अक्षरे अचूक म्हणूनही त्याला ओळखीचा शब्द ऐकू येत नसे. म्हणून मी अक्षरांवरून बोट सलग फिरवत शब्द एका श्वासात म्हणायला लावला. काना लवकर जमला. पहिल्या वेलांटीला वेळ लागला, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर.

घरी रोज थोडाच वेळ, शिकलेल्या अक्षरांपुरताच मजकूर, आणि चुकल्यावर “आठव” न म्हणता “इथे कोणता आवाज आहे?” असे विचारायचे, एवढेच मी आईला सांगितले. मोठ्यांनी गोष्टी वाचून दाखवणे मात्र थांबवू नये, कारण शब्दसंपत्ती तिथूनच वाढते.

आता तो साध्या अक्षरांचे अनोळखी शब्द स्वतः वाचतो, जोडाक्षरे आणि रफार यांवर अजून अडखळतो. वाचन-अक्षमतेची चाचणी करावी का, हे आईने विचारले, तेव्हा मी सांगितले की अशी नियमित शिकवणी चालू असूनही प्रगती खुंटली तर तज्ज्ञांकडून तपासणी अवश्य करावी, आणि तोपर्यंत शिकवणी एक दिवसही थांबवू नये.