स्मरणरंजनातले ‘रंजन’ आणि रिमेकवरचा राग

नाशिकरोडच्या एका वाचकांनी विचारले आहे की, लहानपणी आवडलेल्या चित्रपटाचा रिमेक येणार असे कळताच मन आधी हळवे होते आणि लगेच चिडते, तर या अवस्थेला ‘स्मरणरंजन’ म्हणावे की ‘गतकातरता’, आणि रिमेकला मराठीत काय म्हणावे.

‘नॉस्टॅल्जिक फील’ हा शब्दप्रयोग हल्ली मिसळीच्या जाहिरातीतही ऐकावा लागतो. वाचकांनी विचारलेले दोन्ही शब्द ज्याला मराठी पर्याय म्हणून वापरतात, ते नॉस्टॅल्जिया हे मुळात रोगाचे नाव. योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात ते घरी परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून घडवले. एवढ्या आधारावर काही विद्वान ‘स्मरणरंजन’ला उथळ ठरवतात, कारण म्हणे रंजन म्हणजे करमणूक आणि करमणुकीत वेदना नसते. धातूकडे न पाहता घेतलेला हा आक्षेप आहे.

‘रंजन’ ज्या धातूपासून आले तो ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे, रंगवणे. पाणिनीच्या ‘तेन रक्तं रागात्’ (४.२.१) या सूत्रात ‘राग’ म्हणजे रंगवण्याचे द्रव्य आणि ‘रक्त’ म्हणजे रंगवलेले. रंग, अनुराग आणि वैराग्य हे शब्द याच कुळातले आहेत, आणि संस्कृतातला आसक्तीचा अर्थ मागे सारून मराठीने ज्याला संतापाचा अर्थ दिला तो ‘राग’ही याच कुळातला आहे. डोळे लाल होतात म्हणून हा अर्थ आला, असे स्पष्टीकरण दिले जाते. मला ते वरवरचे वाटते. परक्यावर आपण चिडतो, खेकसतो, परंतु रागावतो ते बहुधा आपल्या माणसावर, आणि ‘आई रागावली’ या वाक्यात जुनी आसक्ती अजून शाबूत आहे, असे माझे मत आहे. येवल्याच्या पैठणीचे रेशीम विणण्याआधीच रंगवतात, तसा बालपणीचा चित्रपट त्या वयाच्या रंगात आधीच बुडालेला असतो. रिमेक करणारा कथा उचलू शकतो, तो रंग नाही. तेव्हा वाचकांचा हळवेपणा आणि चीड या दोहोंना ‘स्मरणरंजन’ पुरते. ‘कातर’ म्हणजे भ्यालेला, व्याकूळ. रिमेकवर तावातावाने भांडणाऱ्याला ‘गतकातर’ म्हणणारे कोणत्या कोशाच्या बळावर म्हणतात, ते त्यांनीच सांगावे.

रिमेकला ‘पुनर्निर्मिती’ चालेल, पण ‘चित्रपट पुन्हा काढला’ हे अधिक मराठी आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा आपलाच ‘राजा हरिश्चंद्र’ १९१७ मध्ये पुन्हा काढला, आणि १९३२ मध्ये प्रभातने तीच कथा बोलपटात आणली.