पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोला मायकोरायझा द्यावा का, आणि कधी?

जरूर द्या, पण रोपवाटिकेतच. ही बुरशी जिवंत मुळांवरच जगते, म्हणून ट्रे भरतानाच कोकोपीटमध्ये मिसळा. कोवळ्या मुळांना ती लगेच भेटली पाहिजे. मुळं पोचत नाहीत तिथून तिचे तंतू स्फुरद आणि जस्त ओढून आणतात.

बहुतेकांचं चुकतं ते पुढे. ड्रिपमधून १२:६१:०० हे स्फुरदाचं विद्राव्य खत भरपूर सोडलं की रोपाला बुरशीची गरजच उरत नाही आणि ती मुळांत नीट वाढत नाही. स्फुरद माती परीक्षण पाहूनच द्या. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही टाळा, तिने ट्रायकोडर्मासारखी रोगाला रोखणारी मित्रबुरशीही मरते. मर रोगाची भीती असेल तर लागवडीआधी ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून बेडमध्ये मिसळा. आणि एक ओळ मायकोरायझाविना ठेवा, म्हणजे उत्पादनातला फरक तोडणीच्या वजनावरून स्वतःच कळेल.