मुलगी पीडीएफ बनवत नाहीये, वकीलसाहेब

वकीलसाहेब, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मुलगी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत, पण जेएमएफसीचा, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या परीक्षेचा, अभ्यास सोडून ती 'कायद्यांचा लिंक्ड डेटा' नावाच्या कशात तरी रात्रंदिवस डोकं घालून बसते आणि 'हे डीटीपीवाल्याचं काम, घरात तीन पिढ्यांची वकिली आहे, तिला समजवा'.

मार्कांची काळजी मला नाहीच. काळजी वाटली ती ह्याची की एवढ्या मोठ्या पत्रात तिला काय आवडतं ह्यावर एक ओळ नाही, सगळं 'आम्ही ठरवलंय', 'आमची इच्छा', आणि ती जेवायच्या टेबलावर बोलत नाही असं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय! अहो, तिनं बोलावं तरी काय, निकाल आधीच लागलेला असताना?

जेएमएफसीचं म्हणाल तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची प्रॅक्टिस लागतेच, म्हणजे आत्ता घाई करून काही मिळणार नाही.

आता ते डीटीपीचं. कायदा पीडीएफमध्ये टाकला की झालं, असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. पण खुनाची केस आली की तुम्ही आधी तारीख बघता ना? १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) ३०२, नंतरचा असेल तर बीएनएस (नवी भारतीय न्याय संहिता) १०३. हे तुमच्या डोक्यात आहे, पीडीएफमध्ये नाही. कुठलं कलम कधीपासून लागू, कोणत्या दुरुस्तीनं बदललं, हे मशीनला कळेल असं लिहून ठेवायचं म्हणजे लिंक्ड डेटा. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजनं २०१० पासून लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके वर हे केलंय, तिथे प्रत्येक कलमाला स्वतःचा कायमचा पत्ता आहे, बऱ्याच कायद्यांत पत्त्यापुढे तारीख टाकली की त्या दिवशीचा मजकूर येतो. युरोपात २०१२ पासून कायद्यांना असेच पत्ते द्यायची ईएलआय नावाची पद्धत आहे. आणि कुठली दुरुस्ती कुठे बसते हे कायदा न शिकलेल्या माणसाला ठरवता येत नाही, कितीही भारी प्रोग्रामर असू दे.

तिलाही एक सांगा, आपल्याकडे ह्या नावाची नोकरी निघत नाही. इंडिया कोड ह्या सरकारी वेबसाइटवर कायदे आहेत पण मामला बराचसा पीडीएफचाच. लीगल रिसर्चच्या कंपन्या, संसदेच्या कामावर अभ्यास करणाऱ्या संस्था, नाहीतर बाहेर मास्टर्स, वाट ह्यातूनच काढावी लागेल, आणि वकिलीची सनद तर घ्यावीच.

तुमच्याकडे १९४८ च्या कूळ कायद्याची जुनी बेअर अॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराची प्रत, असेलच, दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवलेली, समासात पेनानं तारखा लिहिलेली. मे महिन्याच्या सुट्टीत ती तिच्या हातात द्या आणि म्हणा, एवढं कलम ३२ तुझ्या पद्धतीनं करून दाखव, चुका मी काढतो. पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या, तुम्ही वाचून न बघता.