कायदेविषयक सल्ला : रात्री साडेदहानंतरची बाटली

प्रश्न : तारकर्लीला आमचे चार खोल्यांचे ‘निवास व न्याहारी’ आहे. मुंबईहून सकाळी निघालेले पाहुणेही कधी कधी रात्री अकराला पोहोचतात आणि तोवर वाइन शॉप बंद झालेले असते. गावातील एक दुकानदार अर्धे शटर उघडून छापील किमतीपेक्षा शंभर रुपये जास्त घेऊन बाटली देतो. त्यापेक्षा आम्हीच गोव्याहून स्वस्तात दोन-चार बाटल्या आणून ठेवल्या आणि पाहुण्यांच्या बिलात त्यांची किंमत लावली, तर चालेल का?
– एक वाचक, तालुका मालवण

उत्तर : चालणार नाही; आणि आपल्या या बेतात दुकानदारापेक्षा आपणच अधिक अडचणीत याल.

आधी वेळेचे पाहू. महाराष्ट्रात विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीच्या दुकानाची (नाशिकमध्ये तयार झालेली व्हिस्कीसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘विदेशी’च) नेहमीची वेळ सकाळी १० ते रात्री १०.३० अशी आहे. पोलीस आयुक्तालय नसलेल्या भागात, म्हणजे रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत, परमिट रूम रात्री ११.३० पर्यंत चालू राहू शकते. मात्र तिचा परवाना तेथेच बसून पिण्यापुरता असल्याने बंद बाटली घरी नेण्याचा मार्ग त्यातून निघत नाही. अलीकडच्या वर्षांत २४, २५ व ३१ डिसेंबरला दुकानांना रात्री १ वाजेपर्यंत मुभा मिळत आली आहे, पण ती त्या-त्या वर्षीच्या आदेशाने. तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

वेळेनंतर शटर उघडणारा दुकानदार आपल्या परवान्याच्या अटीचा भंग करतो, त्यामुळे कारवाई मुख्यतः त्याच्यावर होते. आपण मात्र परवान्याशिवाय विक्री करू पाहत आहात, आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ याच्या कलम ६५ नुसार तो दिवसाढवळ्यासुद्धा गुन्हाच आहे. ‘आम्ही विकत नाही, पाहुणचार करतो’ हा बचाव बिलात किंमत लागली की संपतो. गोव्याच्या बाटलीने प्रकरण आणखी बिघडते, कारण तिच्यावर महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क भरलेले नसते, आणि इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ती सापडल्यास बाटलीबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. दोन-चारशे रुपयांच्या बचतीसाठी हा धोका कुणी का पत्करावा, हे मला आजवर उमगलेले नाही.

पाहुण्यांनी स्वतः दुकानातून आणून खोलीत घेतली, तर विक्रीच्या वेळेचे बंधन पिण्याला लागत नाही. तरीही त्यांच्याकडे मद्यसेवनाचा परवाना असावा लागतो आणि वयाची अट बिअर व वाइनसाठी २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाची वेळ संपेपर्यंतच्या ४८ तासांत लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याचे कलम १३५-सी लागू होते, आणि त्यात विक्रीच नव्हे तर खासगी जागेत मद्य देणे वा वाटणेही निषिद्ध आहे. म्हणजे त्या काळात फुकटचा पाहुणचारही नको. याशिवाय सार्वजनिक शांततेसाठी, उदाहरणार्थ गणपती विसर्जनाच्या दिवशी, जिल्हाधिकारी दारूबंदी अधिनियमाच्या कलम १४२ खाली दुकाने बंद ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. असा आदेश निघाल्याचे कळताच तो पाहुण्यांना कळवलेला बरा, कारण दुकानाच्या बंद दारावरून परतलेला पाहुणा राग आपल्यावरच काढतो.

आपल्यापुरता सोपा उपाय असा की, खोली आरक्षित करतानाच दुकानाची वेळ सांगावी आणि ज्यांना हवे असेल त्यांनी कणकवलीला किंवा कुडाळला थांबून वेळेत खरेदी करावी, असे सुचवावे. त्या जादा शंभर रुपयांची पावती दुकानदाराकडे मागून पाहा. ती मिळाली नाही, तर तारीख, वेळ आणि बाटलीवरील छापील किंमत लिहून राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येईल.