आधी तारीख लिही

अनेक आशीर्वाद.

आर्मेनिया आणि कराबाखवरच्या तुझ्या लिखाणाचं तिसरं प्रकरण रात्री एका बैठकीत वाचलं, सोबतचं पत्र दोनदा वाचलं. कराबाखच्या राजधानीतून, स्तेपानाकर्तहून, निर्वासित झालेली शिक्षिका तुला फोनवर म्हणाली, "पाशिन्यानने आम्हाला विकलं." आर्मेनियाची राजधानी येरेवान, तिथली तुझी मैत्रीण म्हणते, त्याच माणसाने, 2018 ला पंतप्रधान झालेल्या पाशिन्यानने, उरलेला देश वाचवला. तुला दोघींचंही पटतं, म्हणून लिखाण अडलं. आणि या पेचातून सुटायला तू प्रकरणाला मथळा दिलास, 'एका नेतृत्वाचं अपयश'.

मथळा खोड. निकाल आधी लिहून मग पुरावे गोळा करायला तू काही तिथल्या विरोधी पक्षाची प्रवक्ती नाहीस.

तुझं प्रकरण सुरू होतं 2023 च्या सप्टेंबरपासून, अझरबैजानने कराबाख घेतलं तिथून. कराबाखहून आर्मेनियाला जाणाऱ्या लाचिनच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, लाखभर माणसं काही दिवसांत घरदार सोडून निघालेली. तिथून तू मागे मागे जातेस. अशा वाटेने गेलं की आधीचा प्रत्येक माणूस मूर्ख नाहीतर फितूर दिसणारच. मी तुला वर्गात सांगत आलो तेच पुन्हा सांगतो. प्रत्येक निर्णयाच्या डोक्यावर आधी तारीख लिही. तिच्याखाली लिही, त्या दिवशी त्या माणसाच्या हातात काय होतं: सैन्य, तिजोरी, मित्र, लोकांचा विश्वास. तुझं मत त्याच्या खाली. वर कधीच नको.

1997 घे. लेवॉन तेर-पेत्रोस्यान आर्मेनियाचे राष्ट्राध्यक्ष होते. तीन वर्षांपूर्वी, 1994 च्या मे महिन्यात शस्त्रसंधी झाली होती आणि आर्मेनियन बाजू जिंकली होती. अझरबैजानच्या हद्दीतलं, पण आर्मेनियन वस्तीचं कराबाख हातात, भोवतालचे जिल्हेही हातात. पण ताबा आपला आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी ती गत. सुरक्षा परिषदेचे 1993 चे चार ठराव विरुद्ध गेलेले. कराबाखला एकाही देशाने मान्यता दिलेली नाही, खुद्द आर्मेनियानेसुद्धा नाही. त्यांतला केलबजार जिल्हा घेतल्यावर तुर्कस्तानने सीमा बंद केली, ती बंदच. 1988 च्या भूकंपानंतर मेत्सामोरची अणुभट्टी बंद पडली होती आणि 1995 पर्यंत चालू झाली नव्हती. त्या हिवाळ्यांत येरेवानला दिवसाकाठी तास-दोन तास वीज यायची, लोकांनी बागेतली झाडं तोडून चुलीत घातली. तू यावर एक वाक्य खर्च केलं आहेस. एक! ज्या माणसाने आपलं शहर असं गारठलेलं पाहिलं, तो तडजोडीबद्दल काय बोलतो हे त्या थंडीशिवाय कळायचं नाही.

तर हा माणूस जिंकलेला असताना उठून सांगतो की रशिया, अमेरिका आणि फ्रान्सने पुढे केलेला टप्प्याटप्प्याचा आराखडा बोलणीचा पाया म्हणून घ्यावा. आधी जिल्हे सोडायचे, निर्वासित परतायचे, कराबाखचा दर्जा नंतर ठरायचा. 1 नोव्हेंबर 1997 ला त्यांनी वर्तमानपत्रात लेखच लिहिला. आज जी तडजोड झिडकारतो आहोत ती उद्या मागूनही मिळणार नाही, असा त्याचा सूर होता. बाकूचं, म्हणजे अझरबैजानचं, तेल तेव्हा पैशात उतरायचं होतं. पंतप्रधान रॉबर्ट कोचारियान, संरक्षणमंत्री वाझगेन सर्गस्यान आणि अंतर्गत सुरक्षेचे मंत्री सर्ज सर्गस्यान हे तिघे विरोधात उभे राहिले आणि 3 फेब्रुवारी 1998 ला तेर-पेत्रोस्यानांनी राजीनामा दिला. कोचारियानांना कराबाखहून येरेवानला आणून पंतप्रधान केलं होतं ते त्यांनीच.

आता मला राग येतो तो इथे. तू लिहितेस, "ते द्रष्टे होते, देशाने ऐकलं नाही." बाई गं, तारीख! 1996 ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली होती, येरेवानच्या रस्त्यांवर रणगाडे आले होते. ज्याच्या मतमोजणीवर लोकांचा विश्वास उरला नाही, त्याच्या नकाशावर कोण विश्वास ठेवील? त्यांच्या हातात सत्य होतं, पण ते ऐकून घेण्याइतका लोकांचा भरवसा हातात नव्हता. त्यांना पुढे जे दिसत होतं ते लिहायला हवंच. पण घरच्या निवडणुकीत जे गमावलं त्याची किंमत परराष्ट्र धोरणात मोजावी लागली, हेही लिहायला हवं.

2013 वर फार थांबू नकोस. तोवर राष्ट्राध्यक्ष झालेले सर्ज सर्गस्यान वर्षानुवर्षं युरोपीय संघाशी करार घासूनपुसून तयार करतात आणि 3 सप्टेंबरला मॉस्कोत जाऊन रशियाच्या सीमाशुल्क संघात शिरण्याची घोषणा करतात. आर्मेनियातल्या ग्युम्री शहरात रशियन तळ, गॅस रशियन, तुर्कस्तानच्या सीमेवर पहारा रशियन, आणि अझरबैजानला शस्त्रं विकणाराही रशियाच. ही यादी मांडलीस की शेरा मारायची गरज उरत नाही.

खरी परीक्षा निकोल पाशिन्यानांची आहे, आणि तुझीही. तुझ्या प्रकरणात एक दुवा सुटला आहे. 2008 मध्ये तेर-पेत्रोस्यान पुन्हा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या सभा गाजवणारा तरुण संपादक म्हणजे हेच पाशिन्यान. त्यापायी ते तुरुंगातही गेले. म्हणजे 1997 चा युक्तिवाद त्यांनी ऐकीव नाही, अगदी शेजारी बसून ऐकलेला. 2018 मध्ये ग्युम्रीहून पायी निघून ते येरेवानला पोचले, सर्ज सर्गस्यानांना पायउतार व्हावं लागलं, आणि डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला सत्तर टक्के मतं पडली. तेर-पेत्रोस्यानांकडे जे नव्हतं ते सगळं आता यांच्याकडे होतं. आणि 5 ऑगस्ट 2019 ला स्तेपानाकर्तच्या चौकात उभं राहून ते म्हणाले, "आर्त्साख म्हणजे आर्मेनिया, संपला विषय." आर्त्साख हे कराबाखचंच आर्मेनियन नाव.

या तारखेखाली काय होतं ते लिहिलंस की तुझ्या येरेवानच्या मैत्रिणीला अवघड जाईल. जाऊ दे. तारीख बघायची म्हणजे माफ करायचं असं तू धरून चालली आहेस, म्हणून घाबरतेस. त्या दिवशी खरं बोलण्याची ताकद त्यांच्याकडे होती आणि ते टाळ्यांचं वाक्य बोलले. हा माझा त्यांच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे, 2023 चा नाही.

27 सप्टेंबर 2020 ला अझरबैजानशी युद्ध पेटलं, चव्वेचाळीस दिवस चाललं. तुर्की ड्रोन, पडलेलं डोंगरावरचं शुशी शहर, खाली दिसणारं स्तेपानाकर्त. 9 नोव्हेंबरच्या रात्रीच्या शस्त्रसंधीच्या सहीखाली हे लिही. केलबजार सोडताना माणसांनी आपल्या हाताने आपली घरं पेटवली, दारं-खिडक्या उपटून ट्रकवर चढवल्या, हेही लिही. मग 2022 चा सप्टेंबर: जेरमुकच्या डोंगरात खुद्द आर्मेनियाच्या हद्दीत अझरबैजानचा हल्ला, दोन दिवसांत दोनशेहून अधिक सैनिक गेले, आणि रशियाप्रणीत सुरक्षा करार संघटनेचा एक शिपाई आला नाही. पुढच्याच महिन्यात प्रागमध्ये पाशिन्यानांनी, सोव्हिएत संघ मोडताना झालेल्या 1991 च्या अल्माअताच्या जाहीरनाम्यानुसार, आर्मेनिया आणि अझरबैजानच्या एकमेकांच्या सीमा मान्य केल्या, म्हणजे कराबाख अझरबैजानचं. आणि 2023 ला कराबाखला सैन्य धाडलं नाही. त्या दिवशी धाडायला काय होतं, ते मांड आणि गप्प राहा.

पिनाक या भारतीय रॉकेट यंत्रणेबद्दलचा तुझा परिच्छेद वाचून बरं वाटलं. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत घडलेलं शस्त्र कॉकेशसच्या डोंगरात जातं, याचा पुणेकर म्हणून अभिमान मलाही आहे. पण आर्मेनियाशी झालेला तो करार 2022 चा आहे, रशियाला पैसे भरूनही शस्त्रं मिळत नाहीत असं येरेवानचं गाऱ्हाणं होतं तेव्हाचा. भारताच्या मैत्रीइतकीच ती आर्मेनियाची निकड आहे.

मी हे इतक्या हट्टाने का सांगतो, तेही ऐक. 1998 च्या त्या राजीनाम्यावर मी आमच्या परदेशी पानासाठी मोठा लेख लिहिला होता. वरून उत्तर आलं, एवढ्या लांबच्या देशाचं कोण वाचतं, आणि कोपऱ्यात तीन ओळी लागल्या. पुढे संपादकीय बैठकींत मला कुंपणावरचा म्हणायचे, कारण मी कुणालाच 'गद्दार' लिहून देत नसे. म्हणोत. शेजारच्या टेबलावर ठोस लिहिणारे होते, त्यांनी एकाच नेत्याला एका वर्षी महापुरुष आणि तिसऱ्या वर्षी विश्वासघातकी ठरवलं. माझ्या लेखांतलं वाक्य मला मागे घ्यावं लागलं नाही. हा गर्व वाटत असेल तर वाटू दे. येरेवान बघायचं मात्र राहून गेलं, त्याची हळहळ आहे. अरारात पर्वत शहरातून दिसतो आणि सीमेपलीकडे आहे, ते डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि त्या शिक्षिकेचं. तिला तू 'भावनिक प्रतिक्रिया' या उपशीर्षकाखाली टाकलं आहेस. तिथून काढ. तिलाही तारीख आहे. 2022 च्या डिसेंबरपासून लाचिनचा रस्ता अडवलेला, पावासाठी रांगा, भोवती रशियन शांतिसैनिक असून नसल्यासारखे. तिच्या हातात काय होतं ते तिलाच विचार, तिच्या शब्दांत लिही. ती चूक की पाशिन्यान चूक, हे तुला ठरवायला लागणार नाही. दोघांच्या हातात त्या दिवशी किती कमी होतं, एवढं पानावर दिसेल.

शेवटच्या प्रकरणासाठी 8 ऑगस्ट 2025 घे, वॉशिंग्टन. अझरबैजानचे अध्यक्ष अलियेव, पाशिन्यान, मध्ये ट्रम्प. शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं झाली, सही नाही. दक्षिण आर्मेनियातल्या सियुनिकमधून अझरबैजानच्याच तुटक प्रदेशाला, नाखिचेवानला, जाणाऱ्या वाटेला अमेरिकन अध्यक्षांचं नाव दिलं गेलं, इराण लगेच अस्वस्थ झाला. कराबाखचे माजी नेते त्या दिवशी बाकूच्या तुरुंगात होते. अलियेव म्हणतात, आर्मेनियाने आधी आपली राज्यघटना बदलावी. ही अट पहिल्यांदा कधी पुढे आली ते हुडकून काढ आणि प्रकरण तिथूनच सुरू कर. मसुदा छापून पोस्टाने पाठव, पडद्यावर वाचायला आता डोळे साथ देत नाहीत.