टर्बो ओव्हरकिल नव्याने खेळणाऱ्या मित्रासाठी

अरे, पहिल्याच लेव्हलला डोकं गरगरलं म्हणून गेम काढून टाकू नकोस. २०२३मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला हा शूटर, म्हणजे बंदुकांच्या मारामारीचा गेम, मुळातच सुसाट आहे. निऑन, स्फोट, रक्त, सगळं एकदम अंगावर येतं. आधी सेटिंगमध्ये जा, फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं ते) १००च्या आसपास ने आणि माउसचा वेग थोडा उतरव. बराच त्रास तिथेच कमी होतो.

तुला भिंतीआड दबा धरून बसायची सवय आहे. इथे ती सोड! तू ज्याला खेळवतोस त्या जॉनी टर्बोच्या पायात चक्क चेनसॉ (यांत्रिक करवत) आहे. पळता पळता घसरलास, की तो पाय समोरच्याला कापत जातो. घसरून उडी, हवेतच डॅश (झटक्यात झेप), खाली येता येता शॉटगन. हे बोटांत बसलं की जी मजा येते, ती मला दुसऱ्या कुठल्याच शूटरमध्ये मिळालेली नाही. कथा बेताचीच आहे, तिच्यात अडकू नकोस.

पुण्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी लॅपटॉपवर खेळणार असशील तर तो मागून थोडा उचलून ठेव आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ६०वर बांध. तापला की नेमका ऐन मारामारीत अडखळतो. एवढं करूनही नाहीच जमलं, तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तोवर पैसे परत मागता येतात.